दोरीच्या टोकाकडून पाहिलेली न्यूयॉर्कची थँक्सगिव्हिंग परेड

नुकत्याच पुण्याहून जर्सी सिटीला राहायला आलेल्या एका ताईंनी विचारलं आहे: "मुलांना यंदा न्यूयॉर्कची मेसीजची थँक्सगिव्हिंग परेड दाखवायची आहे. ती सुरू कशी झाली? मुळात ती एका दुकानाची जाहिरातच ना? मग सगळं शहर थंडीत पहाटेपासून रस्त्यावर का उभं राहतं? आणि ते एवढाले फुगे वाऱ्याने उडून जात नाहीत का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण या परेडचा निम्मा इतिहास त्यातच आहे. फुगे उडून गेलेले आहेत. काही वर्षं तर ते मुद्दाम सोडून दिले जायचे. ते पुढे सांगतोच.

आधी मी कोण ते सांगतो. मी मूळचा तासगावचा. गणपतीच्या रथोत्सवात रथाचा दोर ओढत लहानाचा मोठा झालो. इथे आल्यावर दुकानात काम करणाऱ्या एका मित्रामुळे २००४ मध्ये पहिल्यांदा फुग्याची दोरी हातात आली आणि तेव्हापासून मधली मोजकी वर्षं सोडली तर दर नोव्हेंबरात मी तिथे असतो. आधी साधा हँडलर होतो, नंतर फुगा चालवणाऱ्या पायलटच्या हाताखालच्या चमूत आलो. तासगावात दोर पुढे ओढतात. इथे दोर तुम्हाला वर आणि आडवं ओढतो, तुम्ही फक्त त्याला जमिनीशी धरून ठेवायचं. हा फरक अंगात मुरायला मला दोन वर्षं लागली.

आता मुळापासून. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग, म्हणजे आभार मानण्याचा सण, हा राष्ट्रीय दिवस म्हणून रुजला तो १८६३ पासून, यादवी युद्ध चालू असताना लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार त्यासाठी जाहीर केला तेव्हापासून. पण न्यूयॉर्कमध्ये त्या दिवसाला एक वेगळाच रंग होता. गरीब वस्त्यांमधली मुलं आईबापांचे जुने, ढगळ कपडे घालून, चेहऱ्याला काजळी फासून नाहीतर मुखवटे लावून रस्त्यावर उतरायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे "थँक्सगिव्हिंगचं काही द्या ना" म्हणून पैसे, फळं, गोळ्या मागायची. चिंध्या पांघरलेली मुलं, म्हणून त्यांना रॅगमफिन म्हणत. आज हॅलोविनला मुलं दारोदार जातात, तसंच काहीसं, पण थँक्सगिव्हिंगला. म्हणजे सोंगं घेऊन रस्त्यावर येण्याची सवय या शहराला परेडच्या आधीपासूनची. कुठल्याही दुकानाने ती लावलेली नाही. रॅगमफिनची प्रथा १९३०च्या दशकात हळूहळू विरली. परेड तेव्हा जोरात वाढत होती.

दुकानाने मिरवणूक काढायची कल्पनाही मेसीजची स्वतःची नव्हे. टोरांटोच्या ईटन्सने १९०५ पासून सांताक्लॉजची मिरवणूक चालू केली होती. फिलाडेल्फियात गिंबल्सने १९२० मध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आपली मिरवणूक काढली, त्यामुळे "अमेरिकेतली सगळ्यात जुनी थँक्सगिव्हिंग परेड" हा मान फिलाडेल्फियाचा आहे. इथले लोक हे सांगताना जरा अडखळतात. डेट्रॉइटची हडसन्सची परेड आणि न्यूयॉर्कची मेसीजची परेड या दोन्ही १९२४ च्या.

१९२४ मध्ये मेसीजने आपली इमारत वाढवून सेव्हन्थ अॅव्हेन्यूपर्यंत नेली आणि "जगातलं सगळ्यात मोठं दुकान" अशी द्वाही फिरवली. ही द्वाही लोकांच्या डोळ्यांसमोर आणायची होती. म्हणून २७ नोव्हेंबर १९२४ रोजी सकाळी हार्लेममधल्या कॉन्व्हेंट अॅव्हेन्यू आणि १४५ व्या रस्त्याच्या नाक्यावरून मिरवणूक निघाली. तिथून मेसीजचं दुकान असलेल्या हेरल्ड स्क्वेअरपर्यंत साधारण ६ मैल, म्हणजे जवळपास १० किलोमीटर. दुकानाचे कर्मचारी विदूषक, काउबॉय, शिलेदार असे वेष करून चालत होते. मुलांच्या बडबडगीतांवरचे चित्ररथ होते: बुटात राहणारी म्हातारी, लांडगा आणि लाल टोपीवाली मुलगी. सेंट्रल पार्कच्या प्राणिसंग्रहालयातून हत्ती, उंट, माकडं, अस्वलं आणली होती. सगळ्यात शेवटी सांताक्लॉज. तो ३४ व्या रस्त्यावरच्या दरवाजावरच्या सज्जात चढला आणि त्याच्या हस्ते दुकानाच्या नव्या काचखिडक्यांवरचे पडदे उघडले.

या मिरवणुकीचं त्या वर्षीचं नाव काय होतं माहीत आहे? "मेसीजची ख्रिसमस परेड". थँक्सगिव्हिंगचा शब्दही नव्हता. त्यामुळे जाहिरात होती का, या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: होती, आणि कुणी ते लपवलंही नाही. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार संपला की ख्रिसमसची खरेदी सुरू होते. सांताला त्या दिवशी दुकानाच्या दारात आणून बसवणं हा पूर्ण धंद्याचा हिशेब होता. दुसरीही एक गोष्ट नेहमी सांगतात, की दुकानातले बरेच कर्मचारी युरोपातून आलेले होते आणि आपल्या गावच्या जत्रांसारखं काही इथे व्हावं असं त्यांना वाटत होतं. मला दोन्ही खरं वाटतं. हिशेब मालकांचा होता, पण १० किलोमीटर सोंग घेऊन चालले ते कर्मचारी. नुसत्या हिशेबावर कुणी नोव्हेंबरच्या थंडीत इतकं चालत नाही.

पहिल्या दोन-तीन वर्षांतच एक अडचण लक्षात आली. जनावरं मोठी होती, दमायची, बिथरायची, आणि त्यांच्या डरकाळ्यांनी लहान मुलं घाबरून रडायची. जिच्या पायी मुलं रडतात ती मुलांची मिरवणूक कसली? इथे टोनी सार्ग नावाच्या माणसाचा प्रवेश होतो. या परेडचा इतिहास सांगताना मी त्याच्यापाशी नेहमी जास्त रेंगाळतो.

सार्गचा जन्म १८८० चा, ग्वाटेमालातला. वडील जर्मन, आई इंग्रज. चित्रकार, पण ओळख कळसूत्री बाहुल्यांची. पहिल्या परेडच्या वेळी दुकानाच्या काचखिडक्यांमधला हलत्या बाहुल्यांचा देखावा त्याचाच होता. त्याला जे सुचलं ते ऐकायला साधं आहे. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्या वरून येतात, माणूस वर आणि बाहुली खाली. हेच उलटं केलं तर? बाहुली वर, माणूस खाली, आणि दोरी तीच. वर तरंगेल अशी बाहुली हवी, म्हणजे फुगा हवा. आज माझ्यासारखे हजारो लोक दर वर्षी जे करतात ते नेमकं हेच आहे, उलटी कळसूत्री. "फुग्याला नाचवायचं, ओढायचं नाही" असं आम्ही नव्या हँडलरला सांगतो तेव्हा बोलतो तो सार्गच.

फुगे बनवले अॅक्रन, ओहायोच्या गुडइयर कंपनीने. ही टायरवाली कंपनी त्या काळी वायू भरून तरंगणारी हवाई जहाजंही बनवत होती, त्यामुळे रबर चढवलेल्या कापडात वायू कसा कोंडायचा हे तिच्या कारागिरांना ठाऊक होतं. १९२७ मध्ये कार्टूनमधलं फेलिक्स मांजर आणि त्याच्याबरोबरचे फुगे पहिल्यांदा रस्त्यावर आले. त्या वर्षी आत साधी हवा होती आणि फुगे काठ्यांवर तोलून नेले. हेलियम आला १९२८ मध्ये, आणि त्याच वर्षी तो प्रश्नही उभा राहिला: मिरवणूक संपल्यावर एवढ्या मोठ्या फुग्याचं करायचं काय?

त्यांनी तो सोडून दिला. अक्षरशः दोर सोडले आणि फुगे आकाशात गेले. पण वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, आतला वायू प्रसरण पावतो आणि कापड फाटतं. १९२८ चे फुगे थोडं वर जाऊन फुटले. पुढच्या वर्षी त्यांना हळूहळू वायू सोडणाऱ्या झडपा बसवल्या, म्हणजे फुगा काही दिवस तरंगेल आणि सावकाश उतरेल. त्यावर परतीचा पत्ता लिहिला आणि जो आणून देईल त्याला बक्षीस जाहीर केलं. मग काय, फुग्यांचा पाठलाग हा एक खेळच झाला. कुणाला फुगा शेतात सापडला, कुणाला पाण्यात. एकच फुगा दोन टोळ्यांनी ओढून फाडल्याच्याही हकिकती आहेत. १९३२ मध्ये एका शिकाऊ वैमानिक तरुणीने चालत्या विमानाने मांजराचा फुगा पकडायचा प्रयत्न केला. कापड पंखाला गुंडाळलं गेलं आणि विमान गरगरत खाली येऊ लागलं. जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर ते सावरलं आणि जीव वाचला. त्यानंतर फुगे सोडायचं बंद झालं ते कायमचं.

माझ्या मते इथे परेडचं खरं वळण आहे. तोवर फुगा ही सोडून द्यायची वस्तू होती. १९३२ नंतर तो धरून ठेवायची वस्तू झाला. पुढचा सगळा इतिहास हा धरून कसं ठेवायचं याचा आहे, आणि आज आम्हाला जे नियम शिकवतात त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे एखादा ठरावीक गुरुवार आहे.

मधला काळ थोडक्यात सांगतो. १९३४ मध्ये डिस्नीच्या मदतीने पहिला मिकी माउस आला. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार होते आणि शेवटचा ३० तारखेला पडत होता, म्हणजे ख्रिसमसच्या खरेदीला दिवस कमी. दुकानदारांच्या आग्रहावरून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण एक आठवडा अलीकडे आणला. देशभर इतका गोंधळ झाला की निम्मी राज्यं एका गुरुवारी आणि निम्मी दुसऱ्या गुरुवारी सण साजरा करू लागली. शेवटी १९४१ च्या डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार पक्का केला. दुकानाच्या गल्ल्याने राष्ट्रीय सणाची तारीख हलवली, असं म्हटलं तर त्यात अतिशयोक्ती नाही.

१९४२ ते १९४४ परेड झाली नाही. रबर आणि हेलियम दोन्ही युद्धाला हवे होते. मेसीजने फुग्यांचं साधारण ६५० पौंड रबर सरकारला दिलं, आणि महापौर ला गार्डिया यांनी समारंभपूर्वक रबरी ड्रॅगनची हवा काढली. ते छायाचित्र मी बऱ्याच वेळा पाहिलं आहे. हसायला येण्याऐवजी पोटात कालवतं, कारण फुगा रिकामा होताना कसा दिसतो ते मला माहीत आहे.

१९४५ ला परेड परत आली. पुढच्या वर्षी ती ७७ व्या रस्त्याजवळून, सेंट्रल पार्क वेस्टवरून निघू लागली आणि तिची लांबी आजच्यासारखी अडीच मैलांच्या आसपास आली. त्याच १९४६ च्या परेडचं खरं चित्रीकरण पुढच्या वर्षी आलेल्या एका गाजलेल्या चित्रपटात वापरलं गेलं, आणि न्यूयॉर्कबाहेरच्या देशाला ही मिरवणूक घरची वाटू लागली. मग दूरचित्रवाणी आली. तेव्हापासून परेडला दोन तोंडं आहेत: एक रस्त्यावरचं, एक कॅमेऱ्यासमोरचं. ३४ व्या रस्त्यावर गाणी-नाच चालू असतात तेवढा वेळ मागची सगळी रांग थांबते. तुम्ही मध्येच कुठे उभे असाल आणि फुगा एकाच जागी पाच मिनिटं डुलत राहिला, तर समजा की पुढे कॅमेरा कुणाच्या तरी गाण्यात अडकला आहे. आम्हाला हा थांबण्याचा वेळ चालण्यापेक्षा जड जातो. चालताना दोर ताणलेला असतो. थांबलं की बोटं बधिर होतात.

१९५८ मध्ये हेलियमचा तुटवडा पडला, तेव्हा फुग्यांत साधी हवा भरून ते क्रेनला टांगून नेले. आदल्या वर्षी, १९५७ मध्ये, पावसात पोपायच्या टोपीच्या कडेत पाणी साठलं आणि फुगा कलल्याबरोबर ते सगळं थंड पाणी बघ्यांच्या अंगावर पडलं. मुलांना ही गोष्ट फार आवडते. १९६८ ला स्नूपी हा कार्टूनमधला कुत्रा आला. त्याच्याइतकी रूपं या परेडमध्ये दुसऱ्या कुठल्याच पात्राने घेतलेली नाहीत.

चित्ररथांची हकिकत वेगळी सांगायला हवी, कारण ती आपल्या जर्सीशी जोडलेली आहे. ते बनतात हडसन नदीच्या या बाजूला. कितीतरी वर्षं होबोकेनमधल्या एका जुन्या कँडी कारखान्यात कार्यशाळा होती, २०११ मध्ये ती मूनाची इथल्या मोठ्या जागेत गेली. मॅनहॅटनला जायचं तर लिंकन बोगद्यातून जावं लागतं, आणि बोगदा काही चित्ररथासाठी खोदलेला नाही. १९६९ पासून कार्यशाळेतल्या मॅनफ्रेड बास यांच्या चमूने रथ घडी होतील अशा पद्धतीने बांधायला घेतले. रस्त्यावर तीन मजली दिसणारा रथ मोडून साडेबारा फूट उंच आणि साडेआठ फूट रुंद अशा पेटीत बसतो. बुधवारी रात्री हा सगळा ताफा बोगद्यातून पलीकडे जातो आणि अंधारात किल्ले, जहाजं, डोंगर पुन्हा उभे केले जातात. सुतार, लोहार, रंगारी, विजेचे कारागीर, सगळ्यांची ती जागरणाची रात्र असते. दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणीवर त्यांची नावं कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम इथे लिहितो आहे.

आता वारा.

१९७१ मध्ये वाऱ्यामुळे सगळे फुगे जमिनीवरच ठेवले आणि परेड त्यांच्याशिवाय निघाली. लोक हिरमुसले, पण कुणाला इजा झाली नाही. १९९७ मध्ये तसा निर्णय झाला नाही. २७ नोव्हेंबर १९९७, बरोबर पहिल्या परेडची तारीख. वाऱ्याचे झोत ताशी ४० मैलांच्या वर होते. बार्नी डायनॉसॉर फाटला, पोलिसांनी सुऱ्या घालून त्याला खाली पाडलं. पिंक पँथरही आवरेना म्हणून भोसकावा लागला. आणि ७२ व्या रस्त्याच्या नाक्यावर "कॅट इन द हॅट"चा सहा मजली फुगा दिव्याच्या खांबावर आदळला. खांबाचा वरचा भाग तुटून खालच्या गर्दीत पडला. चार जण जखमी झाले. त्यातली एक तरुण आई जवळपास महिनाभर बेशुद्ध होती. ती वाचली. मी तेव्हा या देशात आलोही नव्हतो, पण पहिल्या प्रशिक्षणात जुन्या हँडलरने आम्हाला पहिली गोष्ट सांगितली ती हीच. सांगताना त्याचा आवाज बदलला होता. तोही त्या दिवशी एका दोरीवर होता.

महापौर जुलिआनी यांनी समिती नेमली आणि त्यातून आजचे नियम आले. सलग वारा ताशी २३ मैलांच्या वर, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर, किंवा झोत ३४ मैलांच्या वर, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर, असे असतील तर मोठे फुगे उडवायचे नाहीत. फुगा ७० फुटांपेक्षा उंच, ७८ फुटांपेक्षा लांब, ४० फुटांपेक्षा रुंद नको. "कॅट इन द हॅट" यात बसत नव्हता, तो परत आला नाही. वाटेवरच्या दिव्यांचे आणि सिग्नलचे आडवे दांडे परेडच्या वेळी वळवून बाजूला करता येतील असे केले. तुम्ही मुलांना घेऊन जाल तेव्हा वर बघा. हे दांडे तुम्हाला रस्त्यापासून तोंड फिरवून उभे दिसतील. २००५ मध्ये टाइम्स स्क्वेअरला एका फुग्याचा दोर पुन्हा दिव्यात अडकून दोघी बहिणींना दुखापत झाली. तेव्हा वाऱ्याची मोजणी वाटेवर, रस्त्याच्या पातळीवर करण्याची व्यवस्था आणखी कडक झाली. दूरच्या विमानतळावरचा आकडा इथे उपयोगाचा नाही, कारण रस्त्यातला वारा वेगळाच असतो.

हे जरा समजावून सांगतो, कारण फुगे उडून का जात नाहीत याचं उत्तर इथे आहे. एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो वजन उचलतो. मोठ्या फुग्यात काहीशे घनमीटर वायू असतो, त्यातून कापडाचं आणि दोरांचं वजन वजा केलं की वर ओढणारा जोर उरतो तो फारसा नाही. एका फुग्याला ८० ते ९० हँडलर असतात, प्रत्येकाचं वजन किमान १२० पौंड, म्हणजे ५४ किलो, असावं लागतं. नुसती माणसं धरली तरी चार टनांच्या वर झाली, आणि शिवाय फुगा दोन वजनदार छोट्या गाड्यांना बांधलेला असतो. त्यामुळे तो वर जाण्याची भीती नाही. भीती आडव्या वाऱ्याची. फुग्याचा अख्खा कुशीकडचा भाग शिडासारखा वारा धरतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. दोन उंच इमारतींच्या मधून चालताना शांत असतं. नाका आला की हडसनकडून येणारा झोत आडव्या रस्त्यातून एकदम कुशीत बसतो. अनुभवी पायलट नाक्याच्या आधीच चाल मंद करतो, त्या बाजूचे दोर आखूड करायला सांगतो आणि झोत गेला की हळूच ढील देतो.

पायलट पूर्ण अडीच मैल उलटा चालतो. तोंड फुग्याकडे, पाठ रस्त्याकडे, तोंडात शिट्टी, हातांनी खुणा. त्याच्या पाठीमागे काय आहे ते सांगायला माझ्यासारखे दोघे-तिघे असतात: खड्डा, गटाराचं झाकण, घोड्याची लीद, दूरचित्रवाणीची केबल. आमच्या हातात दोराचं टोक गुंडाळलेली प्लास्टिकची एक फिरकी असते, कुत्र्याच्या हाडकासारखी दोन्ही बाजूंना जाड. तिच्यावर दोर गुंडाळत किंवा सोडत उंची कमीजास्त करायची. दोर मनगटाला कधीही बांधायचा नाही. फुगा ओढू लागला तर फिरकी सोडता आली पाहिजे. हा पहिला नियम, आणि तो मी पहिल्याच वर्षी मोडला. बोटं गारठली होती म्हणून दोराचा एक वेढा मनगटाला घेतला. कोलंबस सर्कलला झोत आला, खांद्यातून कळ गेली आणि टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. शेजारच्या बाईंनी माझा दोर दोन्ही हातांनी खाली दाबला. मनगटावरचा वळ आठवडाभर होता. तेव्हापासून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाची मनगटं मी निघण्याआधी स्वतः बघतो.

तुम्ही विचारलं की शहर का उठून बसतं. मी २००१ चं सांगतो. तेव्हा मी नुकताच इथे आलो होतो आणि बघ्यांत उभा होतो. जुळे मनोरे पडून दहा-अकरा आठवडे झाले होते. खालच्या मॅनहॅटनमध्ये ढिगारा अजून उपसला जात होता. लोक येतील का, यायला हवं का, अशी चर्चा घरोघरी होती. लोक आले. माझ्या शेजारी एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. वर्दीतला अग्निशमन दलाचा कुणी दिसला की दोन्ही कडांनी टाळ्या सुरू व्हायच्या आणि थांबायच्या नाहीत. मुलं फुग्यांकडे बघत होती, मोठी माणसं त्या वर्दीकडे. ते पाहिलं नसतं तर मीही "दुकानाची जाहिरात" म्हणून सोडून दिलं असतं. १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येनंतर सहाच दिवसांनी परेड निघाली, तेव्हाही झेंड्यांवर काळ्या फिती होत्या. शहराला काही दिवशी एकत्र रस्त्यावर यावंसं वाटतं, आणि त्यासाठी त्याच्याकडे एक ठरलेली सकाळ आहे.

२०२० मध्ये ती सकाळ रिकामी गेली. साथीमुळे अडीच मैलांची वाट रद्द झाली, ३४ व्या रस्त्यावरच्या एका तुकड्यात फक्त कॅमेऱ्यासाठी परेड केली, आणि फुगे माणसांऐवजी गाड्यांना बांधून नेले. मी घरी बसून पाहिलं. फुगा सरळ जात होता, डगमगत नव्हता, आणि नाचतही नव्हता. बायको म्हणाली, "तुझे हात बघ." मांडीवर माझी बोटं दोर गुंडाळत होती.

आता मुलांना कसं दाखवायचं ते. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी दुपारी, नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या दोन बाजूंना, ७७ आणि ८१ व्या रस्त्यांवर फुगे भरतात. ताडपत्रीवर पसरलेलं कापड हळूहळू उठतं, आधी पोट, मग पाय, शेवटी कान. भरले की वरून जाळं टाकून वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवतात. गुरुवारची पहाट जमणार नसेल तर निदान हे नक्की दाखवा, मुलं इथे फुग्याच्या फार जवळ जातात. गुरुवारी परेड अलीकडच्या वर्षांत साडेआठला सुटते. ३४ व्या रस्त्याकडे जाऊ नका, ती जागा दूरचित्रवाणीची, तिथे सामान्य बघ्यांना काही दिसत नाही. सेंट्रल पार्क वेस्टवर साठच्या पुढच्या आणि सत्तरच्या सुरुवातीच्या रस्त्यांजवळ सहापर्यंत पोहोचा, किंवा सिक्स्थ अॅव्हेन्यूवर पन्नाशीच्या रस्त्यांत थोडं उशिरा. पाथ ट्रेनने या, गाडी आणू नका. पायाखाली पुठ्ठा ठेवा, थंडी जमिनीतून चढते. मोजे दोन, खायला पोळीची गुंडाळी, आणि जवळचं स्वच्छतागृह आधीच हेरून ठेवा.

शेवटी सांता येतो, १९३३ चं एक वर्ष सोडलं तर तो नेहमी शेवटीच आला आहे. तो गेला की गर्दी पांगते. तेव्हा आम्ही कोपऱ्यापलीकडे सेव्हन्थ अॅव्हेन्यूवर असतो. फुगा खाली ओढतो, कापडातल्या झिपा उघडतो, हेलियम सूं करत निघून जातो. मग सगळे हँडलर त्या मऊ कापडावर पोटावर आडवे होतात, उरलेला वायू आपल्या वजनाने दाबून काढायला. सकाळपासून पहिल्यांदा अंग जमिनीला टेकतं. खालचं कापड उन्हाने कोमट झालेलं असतं. कुणी बोलत नाही. मग कुणीतरी म्हणतं, चला, गुंडाळा, आणि आम्ही उठून शेपटीकडून घडी घालायला लागतो.